पटवाऱ्याचा बस्ता ते आभाळातले दप्तर

श्रोतेहो, अमुक शेत कोणाचे हे गावात सर्वांनाच ठाऊक असते. पण नुसते ठाऊक असून भागत नाही. सोसायटीचे कर्ज काढावयाचे असो, भावाभावांत वाटणी व्हावयाची असो, की बांधाचा तंटा तहसिलीत गेलेला असो, तेथे कागद लागतो. आणि कागद लागतो म्हटले की दुसरा प्रश्न आलाच : तो कागद असतो कोणाजवळ? हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा आणि सेनगाव या आपल्या पाच तालुक्यांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाच्या अंगाने पाहिला, तर आज ज्याला ‘क्लाऊड कॉम्प्युटिंग’ म्हणतात ती गोष्ट समजावयास फारशी जड जात नाही. क्लाऊड म्हणजे ढग. आपल्याकडे ढगाशी शेतकऱ्याचे नाते पावसापुरते. पण हा ढग दप्तराचा आहे.

सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्याचा भाग. वेगळा जिल्हा झाला तो पुढे 1 मे 1999 रोजी. गावात पाटील असे आणि पटवारी असे. पटवारीपण बापाकडून मुलाकडे जावयाचे. गावचे सारे कागद, म्हणजे कोणाकडे किती जमीन, कोणता आकार, कोणी सारा भरला, कोणाचा तटला, हे सगळे कापडात बांधून पटवाऱ्याच्या घरी ठेवलेले असे. त्यालाच बस्ता म्हणत. पटवारी घरी नसला तर गावाला दप्तरच नाही! शिवाय हैदराबादच्या दरबाराची भाषा 1884 पर्यंत फारसी आणि त्यानंतर उर्दू, तर गावातली लिहिणी बहुधा मोडीत. नांगर धरणाऱ्याला यांतले एकही वाचता येत नसे. आपल्याच जमिनीविषयी काय लिहिले आहे हे त्याने दुसऱ्याच्या तोंडून ऐकावयाचे आणि खरे मानावयाचे.

सगळे पटवारी लबाड होते असे मात्र मी म्हणणार नाही. आगीत, पुरात, रझाकारांच्या धामधुमीत जिवापाड दप्तर सांभाळणारेही त्यांच्यात असलेच पाहिजेत, नाहीतर आज जे जुने कागद उरले आहेत ते उरले नसते. पण बघा, प्रत एकच, ती एकाच घरी, आणि लिपी अशी की चौघांना वाचता येऊ नये. अशा व्यवस्थेत लबाडाला फारशी हुशारी लागत नाही, आणि प्रामाणिक माणसाला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करावयास साक्षीदार मिळत नाही. दोष माणसाचा थोडा, ठेवणीचा जास्त.

निजामी गेली आणि हैदराबाद राज्यात 1950 साली कुळकायदा आला. संरक्षित कुळांची नोंद होऊ लागली. मग 1954-55 साली खासरा पाहणी झाली : गावोगाव, शेतागणिक, मालक कोण आणि प्रत्यक्ष कसतो कोण हे लिहून घेतले गेले. तो खासरा आजही मराठवाड्यात किती मोलाचा मानला जातो हे कोर्टकचेरी केलेल्या कोणालाही विचारा. ज्या कुळाचे नाव त्या वर्षी कागदावर चढले त्याची नातवंडे आज मालक म्हणून उभी आहेत. ज्याचे राहिले त्याचे राहिले. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला, जमीन महसूल संहिता 1966 सालची. वतनदार पटवारी गेला, सरकारी पगाराचा तलाठी आला, आणि गाव नमुना सात व गाव नमुना बारा मिळून झालेला ‘सातबारा’ हा शब्द घरोघर झाला. दप्तर आता सरकारचे होते आणि लिपी आपली होती. हा मोठाच पालट. परंतु वही मात्र एका सज्जात, एका कपाटातच राहिली. तलाठी मिटिंगला गेला की उतारा राहिला, हे श्रोत्यांना मी सांगावयास नको.

कपाट म्हटले की वाळवी आली, ओल आली, आग आली. आणि हे काही खेड्यापुरतेच नाही. 21 जून 2012 रोजी मुंबईत खुद्द मंत्रालयाला आग लागली. त्यात पाच माणसे गेली आणि हजारो फायली जळाल्या. ज्या कागदाची दुसरी प्रत कोठेच नव्हती तो गेला तो गेलाच. सरकारी फायली संगणकावर आणण्याचे काम पूर्वीच चालू होते. त्या आगीनंतर ते कोणाला चैन वाटेनासे झाले.

याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण घ्या. सप्टेंबर 2023 मध्ये मराठवाड्यातील जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. त्या प्रश्नाच्या राजकारणात आपल्याला शिरावयाचे नाही. पण त्यावेळी काय घडले ते पाहा. खासरापत्रके, पाहणीपत्रके, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, असे पोटमाळ्यावर पडलेले बस्ते तहसिलीतहसिलीत पुन्हा सोडले गेले. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधून आणावी लागली, कारण ती फार थोडी उरली होती. जी पाने सापडली त्यांची छायाचित्रे काढून अनेक जिल्ह्यांनी ती संकेतस्थळांवर ठेवली. म्हणजे झाले काय? जे पान सत्तर-ऐंशी वर्षे एका गाठोड्यात होते ते पुण्यात कामाला गेलेल्या नातवाला तेथे बसून दिसू लागले. पान तेच, जागा बदलली.

एक गोष्ट एकाच ठिकाणी न ठेवता अनेक ठिकाणी ठेवावी, ही कल्पना संगणकवाल्यांनी काढली असे कोणी समजू नये. आपल्या जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नामदेवांची वाणी पंढरीच्या वारकऱ्यांनी गाथ्यांतून, वह्यांतून, पाठांतरातून राखली. आणि त्याच नामदेवांची एकसष्ट पदे दूर पंजाबात शीखांच्या आदिग्रंथात 1604 साली लिहिली गेली. इकडचे एखादे हस्तलिखित कसरीने खाल्ले तरी ती पदे तिकडे सुरक्षित होती, आणि तिकडच्या युद्धांच्या धामधुमीत इकडे कीर्तने चालूच होती. दोन दूरदूरच्या ठिकाणी प्रत असणे याचा अर्थ नर्सीकरांना वेगळा समजावून देण्याची गरज नाही. घुमानचे लोक नर्सीला येतात ते उगाच नव्हे.

आता ढगाकडे येऊ. हा ढग आभाळात नाही, जमिनीवरच आहे, हे प्रथम लक्षात ठेवावे. जाळ्याचा नकाशा काढताना ‘येथून पुढे कोठून कसे जाते त्याची आपल्याला पंचाईत नको’ एवढे दाखवावयास इंजिनियर लोक ढगाचे चित्र काढीत. त्यावरून नाव पडले. प्रत्यक्षात नव्या मुंबईत, पुण्यात, चेन्नईत मोठमोठी दालने आहेत. त्यांत लोखंडी मांडण्यांवर हजारो संगणक रात्रंदिवस चालतात, ते तापू नयेत म्हणून गारवा केलेला असतो, आणि वीज गेलीच तर जनित्रे तयार असतात. तुम्ही मोबाईलवर काढलेला बैलाचा फोटो तारेने तेथवर जातो आणि साधारणतः त्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या जातात. एक यंत्र बिघडले तर उरलेल्या दोहोंवरून तिसरी पुन्हा करतात. म्हणून मोबाईल विहिरीत पडला तरी नवीन मोबाईल घेऊन आपले खाते उघडले की बैल परत हजर! अर्थात खात्यात फोटो ठेवण्याची सोय आधी चालू केलेली पाहिजे. हा झाला ठेवीचा फायदा.

पण ढगाचा दुसरा फायदा याहून मोठा आहे, आणि त्याची गोष्ट जरा मागून सांगावी लागेल. आपल्या देशात बनलेल्या पहिल्या संगणकांपैकी एक म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ‘टिफ्रॅक’. तो 1960 साली चालू झाला. तो मोठ्या खोलीएवढा होता आणि त्याच्याकडून काम करून घ्यावयाचे तर संस्थेचा उंबरठा ओलांडावा लागे. संगणक म्हणजे राजाच्या हत्तीसारखा : ज्याला पोसता येईल त्याच्याच दारी. त्याच सुमारास, 1961 साली, अमेरिकेत जॉन मॅकार्थी नावाच्या विद्वानाने असा विचार मांडला की टेलिफोनप्रमाणे हिशेबाची शक्तीही एके दिवशी सार्वजनिक सोय होईल, लागेल तेवढी वापरावी आणि तेवढ्याचेच पैसे द्यावेत. बोलणे सोपे होते. तारा त्या लायकीच्या व्हावयास पंचेचाळीस वर्षे गेली. 2006 च्या मार्चमध्ये अमेझॉन या कंपनीने माहिती ठेवण्याची जागा आणि ऑगस्टमध्ये संगणकाची शक्ती तासाच्या भाड्याने द्यावयास सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टने 2015 साली पुणे, मुंबई व चेन्नई येथे, आणि अमेझॉनने 2016 साली मुंबईस आपली दालने उघडली. भारत सरकारने सरकारी खात्यांसाठी 2014 साली आपला स्वतःचा मेघ सुरू केला. त्याचे नाव ‘मेघराज’.

भाड्याने म्हणजे कसे? औंढ्याची महाशिवरात्रीची यात्रा डोळ्यांसमोर आणा. एरवी औंढ्याला ज्या एस. टी. गाड्या जातात त्या पुरतात. यात्रेला पुरत नाहीत. मग आगार काय करते? जादा गाड्या सोडते. यात्रा सरली की त्या गाड्या दुसऱ्या कामाला जातात. यात्रेकरूने स्वतःची बस विकत घ्यावी असे कोणी म्हणत नाही, आणि आगारानेही चार दिवसांसाठी शंभर नव्या गाड्या घेऊन वर्षभर उभ्या ठेवाव्यात असे कोणी म्हणत नाही. ढगाचे तंत्र हेच आहे. गर्दी झाली की जादा संगणक कामाला लागतात, गर्दी ओसरली की सुटतात, आणि पैसे चाललेल्या तासांचे.

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे तीन शब्द आता मराठीच होऊन गेले आहेत. पीकविम्याची मुदत संपत आली की सेवा केंद्रावर रांग लागते, चक्र फिरत राहते, आणि माणूस दिवसाची मजुरी बुडवून घरी जातो. शिक्षकमंडळींना तर हे पाठच आहे. माहिती भरण्याचा शेवटचा दिवस, आणि पान उघडावयाचे रात्री बारानंतर. ही यात्रेच्या दिवशी नेहमीच्याच दोन गाड्या ठेवल्याची गोष्ट झाली. जेथे काम ढगावर नेले आहे पण जादा गाड्या सोडण्याची आज्ञा कोणी दिलेली नाही, तेथे ढग असूनही रांग राहतेच. यंत्र आपण होऊन उदार होत नाही, त्याचे भाडे कोणीतरी मंजूर करावे लागते.

व्यापाराला याचा उपयोग काय, ते हळदीवरून पाहू. वसमतची हळद 2024 साली भौगोलिक मानांकन मिळवून बसली, आणि हिंगोलीच्या हळद बाजारात मार्चपासून पोत्यांच्या राशी लागतात. समजा, दोनतीनशे हळद उत्पादकांनी मिळून एक कंपनी काढली. कोणाची किती पोती आली, ओल किती होती, उचल किती दिली, वखारीच्या पावत्या कोणाच्या नावे, गिऱ्हाइकाकडून येणे किती, हा सगळा हिशेब. पंधरा-वीस वर्षांपूर्वी असा हिशेब यंत्रावर करावयाचा तर मोठा संगणक घ्या, त्याला थंड खोली करा, वीज जाऊ नये म्हणून बॅटऱ्या लावा, आणि बिघडला तर नांदेडहून माणूस बोलवा. हे साखर कारखान्याला परवडे, हळदवाल्याला नाही. आज तीच कंपनी महिन्याच्या भाड्याने हिशेबाची सोय घेते, हंगामात जास्त आणि पावसाळ्यात कमी. सचिव गावात बसून नोंद करतो आणि सभासद रानात उभा राहून आपले खाते पाहतो. सांगली, निजामाबाद, इरोडचा भाव त्याच मोबाईलवर दिसतो. भांडवल अडकत नाही, हे खरे. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट सभासदाला खाते दिसते ही आहे. बस्ता ज्याच्या घरी त्याची सत्ता, ही जुनी रीत. बस्ता सर्वांना दिसू लागला की उचल कोणाला जास्त गेली हे विचारता येते. ज्या संस्थेत सचिवाने हिशेब ढगावर ठेवला आणि किल्ली मात्र स्वतःच्याच खिशात ठेवली, तेथे पटवारीच पुन्हा आला असे समजावे.

सरकारी कागदांचेही तसेच होत आहे. डिजिटल सहीचा सातबारा 1 मे 2018 पासून मिळू लागला. सज्जात न जाता उतारा काढता येतो. ‘डिजीलॉकर’ 2015 साली आले. शाळेच्या गुणपत्रिका, वाहनाचे परवाने त्यातून दाखविले तर मूळ कागदाच्या बरोबरीने चालतात. आणि 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी आली. ही मला सर्वांत नवलाची वाटते. पटवारी किंवा तलाठी बांधावर येईल, न येताही ‘कापूस’ लिहील, आणि सोयाबीनवाला बसेल बोंबलत, असे पिढ्यानपिढ्या चालले. आता शेतकरी आपल्या शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र काढतो आणि नोंद करतो. 1884 साली ज्याला आपल्या जमिनीचा कागद वाचता येत नव्हता त्याचा पणतू तो कागद स्वतः लिहितो आहे. मोबाईल चालवता येत नसलेल्या म्हाताऱ्याला नोंदीसाठी शेजारच्या पोराची मनधरणी करावी लागते हेही खरे, आणि ज्या शिवारात रेंज नाही तेथे ढग असून नसल्यासारखा. हमीभावाची खरेदी, नुकसानभरपाई अशा कामांत त्या नोंदीचीच विचारणा होते, म्हणून ही अडचण लहान नाही.

शिक्षकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज सुमारे 2,600 कोटी रुपये. तिची जुळी भावंडे अमेरिकेत सुमारे 3,000 किलोमीटरच्या अंतराने उभी आहेत. 14 सप्टेंबर 2015 रोजी अशी लहर पहिल्यांदा सापडली ती दोन्ही ठिकाणी सापडली म्हणूनच शास्त्रज्ञांनी खरी मानली. तेथेही एकाच वहीवर विश्वास नाही. त्या दिवशीची मापे शास्त्रज्ञांनी सर्वांसाठी खुली ठेवली आहेत, आणि ती तपासण्याचे धडेही. ते धडे चालवावयास मोठा संगणक लागत नाही. गूगलने ढगातला संगणक शिकणाऱ्यांना काही मर्यादेपर्यंत फुकट वापरू दिला आहे. औंढ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात साधे यंत्र आणि बरी रेंज असेल तर विज्ञानाच्या मुलांना ती लहर वर्गात बसून स्वतः काढून पाहता येते. टिफ्रॅकच्या काळी यासाठी मुंबई गाठावी लागली असती, आणि दारावरच्या पहारेकऱ्याने आत सोडले असते तर.

एवढे गुण सांगितल्यावर एक आगही सांगितली पाहिजे. 26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियातील देजॉन शहरी सरकारच्या माहितीकेंद्राला बॅटऱ्यांमुळे आग लागली. सहाशेंहून अधिक सरकारी सेवा एकदम बंद पडल्या. त्या देशाच्या सरकारी नोकरांनी आपले कामाचे कागद ज्या सामायिक मेघात ठेवले होते तो सुमारे 858 टेराबाइटचा साठा जळाला, कारण त्याची प्रत दुसऱ्या जागी ठेवलेलीच नव्हती. जगातील पुढारलेल्या देशांपैकी एक, आणि चूक आपल्या पोटमाळ्यावरचीच. नाव मेघाचे होते, ठेवण बस्त्याची होती. म्हणून कोणी सोय विकावयास आले तर पहिला प्रश्न हा विचारावा की प्रती किती आणि कोठे कोठे. दुसरा प्रश्न, आम्ही उद्या सोडून जावयाचे म्हटले तर आमची माहिती आम्हाला परत कशी देणार. भाडे थकले तर किती दिवस थांबणार, हा तिसरा. आपली माहिती दुसऱ्याने कशी वापरावी यावर 2023 साली संसदेने कायदा केला आहे. पण करारावर सही करण्यापूर्वी विचारलेला प्रश्न स्वस्त पडतो.

राहता राहिली किल्लीची गोष्ट. मोबाईलवर येणारा आकडा कोणालाही सांगू नये हे आता रेडिओवरून शंभरदा सांगून झाले आहे, मी पुन्हा सांगत नाही. पण वारसाचे कोणी बोलत नाही. म्हातारा गेला तर सातबाऱ्यावर वारसाची नोंद होते. त्यासाठी नमुना आहे, मुदत आहे, गावात चावडी आहे. त्याच्या खात्यात असलेले फोटो, पावत्या, हळदीचा पाच वर्षांचा हिशेब यांचे काय? बस्ता निदान घरात तरी राहत होता. आपण बरेच दिवस खाते उघडले नाही तर ते कोणाच्या हाती द्यावे हे आधीच लिहून ठेवण्याची सोय गूगलने 2013 पासून केलेली आहे. ती खात्याच्या सेटिंगमध्ये असते, पैसे पडत नाहीत, आणि घरातल्या शिकलेल्या मुलीला सांगितले तर दहा मिनिटांत करून देईल.